माझा फोटो हलत नाही हो!

...आणि वर ती शिकवणारी बाई मलाच म्हणते, "काका, तुम्ही फार स्थिर आहात!"

आता तुम्हाला सांगतो, लोकांनी मला आजवर काय काय म्हटलंय... तिरसट म्हटलंय, चिकट म्हटलंय, आमच्या हिने तर एकदा पाहुण्यांसमोर 'दगड' म्हटलंय, तेही पाहुण्यांना चहा देता देता, सहज... पण स्थिर असणं हा दोष आहे, हे मला पहिल्यांदा कळलं ते फुलांचे फोटो काढायला शिकवतात त्या वर्गात! अहो, स्थिर राहण्यावर माझं घर चाललं! एकतीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले मी. एकतीस! एक स्टूल, मागे पांढरा पडदा, बाजूला आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा... दोरीने का, तर पहिल्या वर्षात चौदा कंगवे गेले म्हणून... आणि समोर मी. दिवसाला चाळीस माणसं यायची आणि चाळीस जणांना माझं एकच भाषण. हनुवटी खाली, खांदे सरळ, चष्मा काढा, इकडे बघा... हलू नका!

ते 'हलू नका' इतकं अंगात भिनलं हो, की लग्नानंतर मी झोपेतसुद्धा म्हणायचो. ही सांगते, "मी नवी नवरी, मला वाटलं घरची पद्धतच असेल." बिचारी सहा महिने एका कुशीवर झोपली!

आणि तुम्ही म्हणाल, पासपोर्ट फोटोत काय मोठंसं? बटण दाबलं की झालं. अस्सं? मग एखादं दोन महिन्यांचं मूल आणा आणि काढून दाखवा! आई पडद्यामागून धरून बसलीय, मावशी खुळखुळा वाजवतेय, बाप "इकडे बघ, इकडे बघ" करत माकडउड्या मारतोय, आणि मूल? मूल हात झाडतंय, पाय झाडतंय, टाहो फोडतंय... पण तुम्हाला सांगतो, मूल एक टाहो संपवून दुसरा फोडायच्या आधी श्वास घेतं ना, तेवढा एक क्षण ते पुतळा होतं. बस्स. तिथे माझं बोट पडतं. मी पाडत नाही हं, बोट आपणहून पडतं. उचकी लागलेला माणूस आणा, मान थरथरणारे आजोबा आणा, जगात कितीही हलणारी गोष्ट असो, ती कुठेतरी क्षणभर थांबते, आणि ती कुठे थांबणार ते माझ्या बोटाला कळतं. गिऱ्हाईक परत पाठवलं नाही मी कधी. एक फोटो हललेला नाही एकतीस वर्षांत!

पण एक सांगू का? मनातलं सांगतो. या एकतीस वर्षांत माझा एक फोटो भिंतीवर लागला नाही. एक नाही! माझे फोटो गेले कुठे? अर्जावर. डिंकाने चिकटले, टाचणीने टोचले, आणि वर थाडकन शिक्का बसला, तोही तोंडावर! माझ्या फोटोसमोर उभं राहून कोणी 'वा' म्हटलं नाही हो. माझा फोटो हातात घेऊन लोक एकच विचारायचे, "हा मीच का?"

त्यात आमचा मेहुणा. हिचा भाऊ. फरशीचा ठेकेदार आहे, खिशात कायम ती लेव्हल, बुडबुडावाली, आणि नजर अशी की कोणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतो, मग 'कसे आहात' विचारतो. त्याच्या लायसन्सवरचा फोटो मी काढलेला, वीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून प्रत्येक कार्यात, चार माणसं जमली रे जमली, की ते लायसन्स बाहेर! "हे बघा, आमच्या भावोजींची कला! हा फोटो बघून पोलीस मला गाडीतून खाली उतरवतात, डिकी उघडायला लावतात!" आता तोंडच तसं असेल तर माझा कॅमेरा काय करणार? पण लोक हसतात. आणि मग तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "फोटोग्राफर वेगळे, भावोजी, आणि पासपोर्टवाले वेगळे." हसत हसत म्हणतो हं. लागतंच ना पण!

तर दुकान बंद केलं. लोक आता भिंतीला पाठ लावून फोनवर स्वतःचे स्वतःच काढतात, नाक एवढं मोठं येतं तरी चालतं त्यांना. मी घरी बसलो. दोन महिन्यांत हिला वेड लागायची पाळी आली, कारण मी बसल्या बसल्या तिला म्हणायला लागलो, हनुवटी खाली घे. मग लेकीने माझं नाव त्या वर्गात घातलं. "बाबा, सार्वजनिक बागेत असतो, दर रविवारी, फुलांचे फोटो. आयुष्यभर माणसं काढलीत, आता फुलं काढा." मला पटलं. म्हटलं, फुलं बरी. 'हा मीच का' विचारत नाहीत.

गेलो. अकरा जण आम्ही. शिकवणारी बाई म्हणजे आमच्या लेकीपेक्षा लहान, ढगळ कपडे, आणि बोलताना हात असे, वाऱ्यावर वाळत घातल्यासारखे. पहिलंच वाक्य काय? "आज आपण कॅमेरा हलवणार आहोत."

मी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, हलवणार आहोत. म्हटलं, कुठे हलवणार? तो म्हणाला, कुठेही!

ऐका, काय प्रकार असतो ते. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात कॅमेरा वर, खाली, आडवा, गोल, जसा मनाला येईल तसा ओढायचा. मग फुलाचं फूल राहत नाही, रंगाचा फराटा होतो. मुद्दाम! म्हणजे ज्या फोटोसाठी गिऱ्हाइकाने मला जोड्याने मारलं असतं, तो मुद्दाम काढायचा! बाई म्हणाली, "आपल्याला फूल दाखवायचं नाहीये, फुलाचं असणं दाखवायचंय." मी हात वर करून विचारलं, "आणि नसणं कधी, पुढच्या रविवारी का?" कोणी हसलं नाही.

पण मग तिने स्वतः काढलेला एक फोटो दाखवला. गुलाबाचा. आणि खोटं कशाला बोलू... ना पाकळी, ना देठ, ना काटा... डोळ्यांत पाणी आल्यावर गुलाब दिसेल तसा दिसत होता. एवढी वर्षं मी माणसांची नाकं, कानाच्या पाळ्या, सगळं स्वच्छ दाखवत आलो, आणि या पोरीने काहीच न दाखवता मला तिथे बाकावर बसवलं. तेव्हाच ठरवलं. म्हटलं, असा एक काढायचा. एकच. आणि भिंतीवर लावायचा.

"चला, सोडा स्वतःला!" बाई म्हणाली. ती सारखं तेच म्हणायची, सोडा, हात सोडा, मन सोडा, श्वास सोडा... म्हणून मी आपलं मनात तिचं नाव सोडाबाई ठेवलं. सगळ्यांनी सोडलं. आमच्यात एक दातांचे डॉक्टर होते, निवृत्त, त्यांनी तर असा हात सोडला, कॅमेरा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सपकन! सोडाबाई ओरडली, "अप्रतिम! काय मोकळा हात आहे!" आणि मी उभ्या उभ्या जिभेने माझी मागची दाढ चाचपली. याच मोकळ्या हाताने भरली होती हो त्यांनी ती!

मग माझी पाळी. मीही फिरवला कॅमेरा. पंख्यासारखा फिरवला! फोटो बघितला. गुलाब. स्वच्छ. पाकळीवरची शीर न् शीर, पाकळीवर मुंगी, आणि मुंगीच्या मिशा! सोडाबाई म्हणाली, "काका, हलवला का?" म्हटलं, हलवला. "परत हलवा." परत हलवला. परत मुंगी! आता तर मुंगी माझ्याकडे बघत होती.

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या फोनवर माझं शूटिंग केलं आणि सगळ्यांना दाखवलं. आणि तुम्हाला सांगतो, मी स्वतः बघितलं म्हणून विश्वास बसला. हात फिरतोय, फिरतोय, गरागरा फिरतोय... बोट बटणावर टेकलं की सगळा माणूस दगड! श्वास बंद, पापणी लवणं बंद. अर्धा सेकंद. क्लिक. की पुन्हा हात गरागरा! वर ओठ हलताना दिसत होते. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय पुटपुटताय?" अहो, काय पुटपुटणार... हलू नका!

गुलाबाला सांगत होतो मी!

तेव्हा म्हणाली ती, "काका, तुम्ही फार स्थिर आहात."

बरं, नुसता वर्ग असता तर सोडून दिलं असतं. पण तीन आठवड्यांनी प्रदर्शन होतं, वाचनालयाच्या सभागृहात. प्रत्येकाचा एक फोटो. सोडाबाईने आम्हाला ती भिंत आधीच दाखवून आणली. ओळीने अकरा खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली नावाची पाटी लावून तयार. पाचवा खिळा माझा. पाटीवर माझं नाव, छापील, ठसठशीत! मी बराच वेळ तिथेच उभा होतो. अहो, भिंतीवर माझं नाव होतं. फक्त वर फोटो नव्हता. आणि तो दिला नाही, तर अकरा खिळ्यांत एक खिळा मोकळा, खाली माझं नाव! म्हणजे पासपोर्टवाल्याची उघड उघड शोभा! बरं, प्रदर्शनाला कोण कोण येणार? तर हिने माहेरच्या झाडून सगळ्यांना फोन केलेले. मेहुण्याला तर आधी!

म्हटलं, "अगं, त्याला कशाला सांगितलंस?" तर म्हणते, "का म्हणून नाही? वीस वर्षं ऐकून घेतेय मी ते लायसन्स प्रकरण. एकदा येऊन बघू दे की."

म्हणजे आता माझ्या एकट्याची लाज नव्हती. तिचीही होती.

मग सुरू झाली तालीम. गॅलरीत हिच्या कुंड्या आहेत, त्यातला डेलिया घेतला. हात हलत नाही ना? मग सगळा माणूसच हलवू! आमचं वॉशिंग मशीन आहे, जुनं, कपडे पिळायला लागलं की अख्खी भिंत थरथरते, खिळ्याला टांगलेला कपड्यांचा टब धडधड वाजतो, आणि मशीन स्वतः चालत दारापर्यंत येतं. म्हटलं, यावर बसू! बसलो. समोर स्टुलावर डेलिया, ही कुंडी धरून उभी. मशीन सुरू. दात वाजतायत, चष्मा नाकावरून हनुवटीवर, मी कॅमेरा धरलेला... आणि पिळता पिळता मशीन मधेच दम घ्यायला जरा थांबतं, माहितेय ना? घरात सोळा वर्षं मशीन आहे, मला कधी कळलं नव्हतं ते थांबतं. बोटाला कळलं! क्लिक. डेलिया, स्वच्छ!

मग झोपाळा. बागेतला, लहान मुलांचा. पोरं रांगेत उभी, "आजोबा, उतरा ना, आमचा नंबर," आणि मी उंच उंच झोके घेतोय, एक हात साखळीला, एका हातात कॅमेरा. झोका वर गेला की परत यायच्या आधी जरा तरंगतो... क्लिक. स्वच्छ! बसमध्ये बसलो, रस्त्याच्या मधोमध फुलझाडं लावलीत तिथून बस भरधाव जाते, खिडकीला कॅमेरा लावला, आणि बोट काही पडेना, पडेना, पडेना... सिग्नलला बस थांबली, पडलं! माझंच बोट, आणि मला मेलं जुमानत नाही! ही म्हणाली, "तुमच्यावरच गेलंय."

दोन आठवडे गेले. एकशे नव्वद फोटो. सगळे असे स्वच्छ की बियाण्याच्या पाकिटावर छापावेत!

मग डॉक्टरांनी तोडगा काढला. म्हणाले, "दुखणं बोटात आहे ना? मग बोटच काढून टाकू." दातांचे डॉक्टर, त्यांना काढून टाकण्यापलीकडे काही सुचतच नाही! तर त्यांनी मला रिमोट दिला. म्हणजे मी कॅमेरा हलवायचा, बटण दुसऱ्याने दाबायचं. दुसरं कोण? ही! एकदम सोपं!

सोपं? अहो, एवढ्या वर्षांचा संसार आहे! ही पाठीमागे उभी, मी कॅमेरा फिरवतोय, आणि तिच्या मनात आलं 'आता दाबू', की माझा श्वास आपोआप बंद! ती म्हणाली, "मी काही बोललेसुद्धा नाही!" म्हटलं, तू नाक ओढलंस. बटण दाबायच्या आधी नाक ओढतेस तू. ती म्हणाली, "मग तुम्ही कान बंद करा." कान बंद करायला हात हवेत, हातात कॅमेरा! कापूस घातला कानात. तरी कळायचं. ती स्वयंपाकघरातून दाबायची, तरी कळायचं! बाकी कधी म्हणून हिच्या मनातलं मला कळलेलं नाही हो, वाढदिवसाला काय हवं ते नाही कळत, रुसली का ते नाही कळत, पण बटण कधी दाबणार ते बरोब्बर कळतं!

आला शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाच्या आत फोटो छापून द्यायचा, आणि चार वाजले तरी माझ्याकडे डेलियाच. मी गॅलरीत स्टुलावर बसलो, कॅमेरा मांडीवर, आणि हिला म्हटलं, "सांग त्यांना, माझी पाटी काढा." तिने रिमोट टाकला गाऊनच्या खिशात, खिळ्यावरचा टब काढला आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. तिला फार वाईट वाटलं की ती दोरीवरचे कपडे काढते. ओले असले तरी काढते.

आणि तेवढ्यात फोन. कोणाचा असेल? मेहुण्याचा!

"काय भावोजी, उद्या येतोय हं आम्ही! बायकोलाही घेऊन येतोय. काय लावलाय फोटो? का पांढऱ्या पडद्यासमोर फूल बसवलंय? हनुवटी खाली घेतली ना त्याची? हा हा हा!"

तुम्हाला सांगतो... वीस वर्षं! वीस वर्षं मी हसण्यावारी नेलं होतं, त्या दिवशी माझा तोल गेला. मी ताडकन उठलो, एका हातात फोन, एका हातात कॅमेरा, आणि सुटलो! "अरे, तू मला फोटो शिकवतोस? तू? फरशी बसवणारा तू?" हात वर. "तुझ्या बाथरूमचं पाणी अजून हॉलमध्ये येतं!" हात खाली. "आणि तुझ्या तोंडाचं म्हणशील तर ते मी काढायच्या आधीपासून तसंच होतं!" हात गोल, गरागरा! ही धावत आली, "अहो हळू, अहो शेजारी ऐकतील," कपड्यांनी भरलेला टब कमरेवर धरलेला, मला आवरायला समोर आली, मी टब चुकवला, तिने टब सावरला, मी हात फिरवला, तिने टब फिरवला...

आणि टब होता कमरेवर. म्हणजे खिशावर. म्हणजे रिमोटवर!

क्लिक क्लिक क्लिक क्लिक क्लिक!

मला पत्ताच नाही हो! फोन आपटला, कॅमेरा बघितला, तर तेवीस नवे फोटो. आणि काय फोटो! लाल फराटा, त्यातून पिवळा उसळलेला, एक निळी रेघ अशी वर गेलेली की बघत राहावं... मी मटकन खाली बसलो. म्हटलं, "अगं, आला! अगं, हलला!" ही वाकली, बघितलं, तिचेही डोळे भरून आले. मग म्हणाली, "पण हे फूल कुठलं? आपल्याकडे लाल कुठाय? डेलिया तर पांढरा."

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिने कुंड्या बघितल्या. मग हळूच खाली, स्वतःकडे बघितलं.

गाऊन! तिचा घरातला गाऊन! ही एवढाली लाल-पिवळी फुलं असलेला!

मी म्हटलं, "हे नाही चालायचं. हे खोटं आहे." ती म्हणाली, "विषय काय आहे?" म्हटलं, फुलं. "ही काय आहेत?" म्हटलं, फुलंच, पण... "पण काय? फुलं कुठे उगवलेली हवीत असं लिहिलंय का प्रदर्शनाच्या कागदावर? आणि कोपऱ्यात निळं दिसतंय तो टब आहे, तो काही कोणाला कळत नाही. चला, पाच वाजत आले!" ही जन्माला येऊन वकील झाली नाही, हे कोर्टाचं नशीब.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. पाचव्या खिळ्यावर माझा फोटो, खाली माझं नाव, आणि समोर... माणसं उभी! उभी राहून बघतायत! सोडाबाईने तर माझे दोन्ही हात धरले. "काका, सोडलंत! शेवटी सोडलंत! हा निळा रंग... ही केवढी वेदना आहे!" मी म्हटलं, होय, टब... टपोरी आहे वेदना. एक वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "पॉपीच्या कुळातलं दिसतंय. डोंगरावरचं." आणि कोणीतरी, मला माहीत नाही कोण, अनोळखी माणूस, माझ्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "वा."

त्या एका 'वा'साठी एकतीस वर्षं थांबलो होतो मी. आणि ते मिळालं कोणाला? टबाला!

त्यात आला मेहुणा, बायकोसकट. आणि ही माझ्या कानात म्हणते, "एक सांगायचं राहिलं. तो गाऊन तिनेच दिलाय मला, गेल्या वर्षी." आता? मेहुण्याची बायको फोटोसमोर उभी. मान अशी केली, तशी केली. "ताई... हे फूल कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय हो." माझा श्वास बंद! ही म्हणाली, "डोंगरावर बघितलं असशील." "मी कुठे डोंगरावर जाते?" "मग पुस्तकात." आणि तिला हाताला धरून चहाच्या टेबलाकडे नेली.

आणि मेहुणा? त्याने आधी फ्रेम सरळ केली. लेव्हल लावून! मग दोन पावलं मागे गेला, बघितलं, आणि म्हणाला, "भावोजी, हा हललाय."

म्हटलं, "अरे, तो मुद्दाम..." तर म्हणतो, "मुद्दाम कशाला? एवढी वर्षं एकही हलवला नाहीत आणि भिंतीवर लावायचा तेवढा हलवलात?" आता त्याला म्हणू, मी नाही हलवला, तुझ्या बहिणीच्या टबाने हलवला?

शेवटी सोडाबाई म्हणाली, चला, सगळ्यांचा एक फोटो. वाचनालयाला लावायचाय. आणि काढणार कोण? काका! आमच्यात तेच तर व्यावसायिक! मी आपला माझा कॅमेरा काढला. सगळे ओळीत उभे, बाई मधे, डॉक्टर बाजूला, मेहुणा पुढे छाती काढून, "या खेपेला तरी माणसासारखा काढा." शेजारी ही. कॅमेऱ्यात ते अर्ध्या सेकंदाचं शटर तसंच राहिलेलं, पण मला कसली भीती? दगड तो दगड! हनुवटी खाली, खांदे सरळ, इकडे बघा... हलू नका!

कोणी हललं नाही. बोट बटणावर टेकलं. आणि ही, तोंड सरळ, ओठ न हलवता, दात मिटून म्हणते कशी, "टब आणू का?"

अहो, मी जो फुटलो! हसायलाच लागलो, पोट धरून, खांदे गदागदा... आणि बोट पडलं! एकतीस वर्षांत पहिल्यांदा, मी हलत असताना, माझं बोट पडलं! फोटो बघितला आणि मला रडूच आलं. माणसं नव्हतीच त्यात. नुसते रंग, एकमेकांत गेलेले, सगळी ओळ अशी वाऱ्यावर सुटलेली, आणि मेहुण्याच्या जागी एक छान पिवळी झुळूक. तुम्हाला शपथेवर सांगतो, भिंतीवरच्या अकराही फोटोंपेक्षा सरस! आणि माझा! टबाचा नाही, मशीनचा नाही, माझ्या बोटाने काढलेला!

मी पळत गेलो सोडाबाईकडे. "बाई, हे बघा! हे बघा!" तिने बघितलं आणि म्हणाली...

"अय्या काका, हा हललाय. दुसरा घेऊ या."

आणि मागून मेहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असा, "एवढी वर्षं धंदा केला म्हणे, साधा ग्रुप फोटो येत नाही!"

घेतला दुसरा. काय करणार? हलू नका म्हटलं, क्लिक केलं, स्वच्छ. मेहुण्याच्या मिशा मोजून घ्याव्यात असा. तो लागला वाचनालयात. खाली सगळ्यांची नावं आहेत, डावीकडून उजवीकडे. काढणाऱ्याचं नाही.

तो हललेला मात्र मी पुसला नाही. छापून आणला, चौकट केली. हॉलमध्ये लावू म्हटलं तर ही म्हणाली, जागा नाही. घरात एकच खिळा मोकळा होण्यासारखा होता, टबाचा, वॉशिंग मशीनच्या वरचा. टब खाली ठेवला आणि फोटो वर लावला. रोज जाता-येता बघतो मी. बरं वाटतं.

परवा मेहुणा आला होता. हात धुवायला म्हणून तिकडे गेला. मशीन सुरू होतं, कपडे पिळत होतं, अख्खी भिंत थरथरत होती, खिळा थरथरत होता, फोटो थडथड वाजत होता... आणि हा फोटोसमोर उभा. बराच वेळ उभा. लेव्हलसुद्धा काढली नाही खिशातून. मी दारात येऊन थांबलो. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा, अगदी मनापासून म्हणाला...

"वा, भावोजी! हा बरा आलाय हो. हलतेय ती भिंत, फोटो अजिबात हललेला नाही!"